नाव ठेवलं की नावं ठेवली?

चौथीचा वर्ग आठवून पाहा. जिल्हा परिषदेची शाळा असो, आश्रमशाळा असो की शहरातलं कॉन्व्हेंट, तो एक जण प्रत्येक वर्गात असतोच. एका जागी बूड टेकत नाही. वही अर्धी कोरी. पेन्सिल रोज हरवते. गुरुजींचा प्रश्न संपायच्या आधी हा उत्तर ओरडून मोकळा, आणि ते उत्तरही भलत्याच प्रश्नाचं. खेळताना आपला डाव येईपर्यंत त्याला दम निघत नाही, म्हणून रोज भांडणं.

त्याचं हजेरीपटावरचं नाव आज आठवतं का? कदाचित नाही. पण अख्खा वर्ग त्याला काय म्हणायचा, हे मात्र लगेच आठवेल. बह्याड. वांड. ढ. येडा. पायाला भिंगरी लागलेला.

मराठीत गंमत आहे बघा. 'नाव ठेवणं' म्हणजे बारसं. 'नावं ठेवणं' म्हणजे दोष काढणं. फरक एका अनुस्वाराचा. आज ज्या मुलांबद्दल बोलायचंय त्यांच्या आयुष्यात या दोन गोष्टींची कायम गल्लत होते. डॉक्टरकडचं नाव त्यांच्यापर्यंत बहुतेकदा पोचतच नाही. गल्ली, वर्ग आणि नातेवाईक यांनी ठेवलेली नावं मात्र चिकटतात, ती निघता निघत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर कॉलेजात, चौथीच्या पोरांचं आम्हाला काय? सांगतो. तुमच्यातले काही जण घरी धाकट्या भावंडांचा अभ्यास घेतात. काही जण खर्चापाण्यासाठी ट्यूशन घेतात. काही जण डी.एल.एड., बी.एड. करून उद्या आमगाव, देवरी, सालेकसाच्या एखाद्या शाळेत फळ्यासमोर उभे राहणार आहेत. आणि हे वाचणाऱ्यांमध्ये असेही काही जण असणार, ज्यांना वर्गानं तसलं एखादं नाव ठेवलं होतं. ते तुम्ही कुणाला सांगितलं नसेल, पण विसरलाही नसाल.

आधी खरं नाव समजून घेऊ

या त्रासाचं वैद्यकीय नाव अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर. सगळे एडीएचडीच म्हणतात. लक्ष टिकवता न येणं, शरीर शांत न राहणं आणि मनात आलं की लगेच करून टाकणं, हे त्याचे तीन धागे. कुणात एक धागा जास्त दिसतो, कुणात तिन्ही.

पण थांबा, लगेच बोट दाखवू नका. प्रत्येक मस्तीखोर पोराला एडीएचडी नसतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत यासाठी बऱ्यापैकी कडक अटी आहेत. लक्ष न लागण्याची ९ लक्षणं आणि अतिचंचलतेची ९ लक्षणं अशा दोन याद्या आहेत. लहान मुलांमध्ये त्यातल्या एका तरी यादीतली किमान ६ लक्षणं दिसायला हवीत. १७ वर्षांच्या पुढं ५ पुरतात. ती किमान ६ महिने टिकलेली असावीत. त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून असावीत. घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यामुळं मुलाचं शिकणं, मैत्री, रोजचं जगणं खरोखर अडत असावं. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळ करणारा आणि क्रिकेटच्या मैदानावर, घरात, मामाच्या गावी व्यवस्थित असणारा मुलगा यात बसत नाही. त्याला बहुतेक गणिताचाच कंटाळा असतो.

यासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो काढून निदान होत नाही. प्रशिक्षित माणूस आईवडिलांशी बोलतो, शिक्षकांकडून माहिती घेतो, मुलाला बघतो आणि मग ठरवतो.

किती मुलांना असतो? जगभरातल्या अभ्यासांची २००७ मध्ये एकत्र छाननी झाली, तेव्हा प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात सरासरी दोघं. भारतातही मोजणी झालीय. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपल्या शेजारचं उत्तर गोवा अशा पाच ठिकाणी जवळजवळ ४ हजार मुलांना तपासून मेंदूच्या वाढीशी संबंधित अडचणींचा मोठा अभ्यास झाला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये एडीएचडी आणि अध्ययन अक्षमताही तपासल्या होत्या. थोडक्यात, हा फक्त अमेरिकेतल्या पोरांचा किंवा मोबाइलच्या पिढीचा आजार नाही.

पोरगं तेच, नाव दर वेळी नवं

आता या नावाचा प्रवास बघा. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. बुद्धी ठीक, पण स्वतःला आवरता येत नाही, अशी मुलं त्यांनी पाहिली होती. त्यांनी याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. म्हणजे पोरगं जवळजवळ चारित्र्यानंच कमी ठरलं. पुढं विसाव्या शतकाच्या मध्यावर डॉक्टर म्हणू लागले की मेंदूला बारीकशी इजा असणार. ती इजा कुणाला दिसली नाही, पण नाव चाललं. १९६८ मध्ये अमेरिकन नियमावलीत 'बालपणातली अतिचंचल प्रतिक्रिया' असं नाव आलं. १९८० मध्ये भर चंचलतेवरून लक्षाकडे सरकला आणि नाव 'अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर' झालं. १९८७ मध्ये आजचं नाव आलं.

पोरगं तेच. चुळबुळ तीच. पण १९०२ मध्ये तो नीतीनं कमी, नंतर मेंदूनं जखमी, आणि आता एका ओळखीच्या विकारानं अडलेला. प्रत्येक नावाबरोबर लोकांची त्याच्याकडं बघायची नजर बदलली. नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नसते, हे इथंच कळतं.

आजचं विज्ञान काय म्हणतं? जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला सुमारे ७४ टक्के वाटा आनुवंशिकतेचा आहे. २००७ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. त्यात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर पूर्ण जाडीला पोचायला सरासरी तीन वर्षं उशीर होतो, असं दिसलं. इतर मुलांमध्ये साडेसात वर्षांच्या आसपास जे होतं, ते या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास. वाढीचा क्रम तोच, वेळापत्रक उशिराचं. विदर्भ एक्स्प्रेस लेट आहे म्हणून ती मुंबईला जाणारच नाही असं आपण म्हणत नाही ना?

म्हणजे 'आईनं लाडावून ठेवलंय', 'संस्कार नाहीत', 'दोन लावल्या की सरळ होईल' ही आपल्याकडची तीन आवडती निदानं बाद होतात. मारून मेंदू लवकर वाढत नाही. घरातलं वातावरण, शिस्त, झोप यांनी त्रास कमी-जास्त होतो, हे खरं. पण मूळ कारण आईच्या माथी मारायचं काही कारण नाही.

गोव्यातले चोवीस आईबाप

आपल्या भागाच्या जवळचा एक अभ्यास आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका दवाखान्यात आलेल्या २४ कुटुंबांशी सविस्तर बोलून तो केला. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या सगळ्या घरांतल्या मुलांना एडीएचडी असल्याचं निदान झालं होतं. प्रश्न साधा होता. तुमच्या मुलाला काय झालंय, असं तुम्हाला वाटतं?

बहुतेकांना तो आजार वाटलाच नाही. त्यांना दिसत होते मार्क, पाठांतर न होणं, वर्गातून येणाऱ्या तक्रारी. मदतीसाठी ते कधी शाळेकडं वळले, कधी डॉक्टरकडं, कधी देवाधर्माकडं.

हसू नका. तुमच्या गावात काय वेगळं होतं? आधी ट्यूशन बदलतात. मग शाळा बदलतात. मग कुणीतरी सांगतं अमक्याला दाखवा, अंगारा लावा. या आईबापांना अडाणी म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्यांचं वागणं समजण्यासारखं आहे. 'मानसिक' हा शब्द एकदा पोराला चिकटला की उद्या लग्नाच्या वेळीसुद्धा निघेल, ही भीती त्यांना असते. त्यापेक्षा 'अभ्यासात थोडा कच्चा आहे' हे नाव परवडतं. आईबाप दोन नावांमधलं कमी दुखणारं नाव निवडत असतात.

पण त्या निवडीची किंमत पोरगं मोजतं. कारण जे नाव घरानं टाळलं, त्याच्या जागी बाहेरचे लोक आपलं नाव आणून ठेवतात.

ठिपके मोजले आणि गट पडले

इथं मानसशास्त्राची दुसरी शाखा मदतीला येते. ती म्हणजे सामाजिक ओळखीचा अभ्यास. हेन्री ताजफेल हे तिच्या मागचं मोठं नाव. पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता. जर्मनांच्या कैदेत पडला. सुटून आला तेव्हा घरातली बहुतेक माणसं मारली गेली होती. माणसं 'आपले' आणि 'त्यांचे' एवढ्यावरून काय काय करू शकतात, हा प्रश्न त्याला पुस्तकातून सापडला नव्हता.

१९७० च्या सुमारास त्यानं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केला. पडद्यावर ठिपके दाखवले आणि किती आहेत, अंदाज करा म्हणाला. मग मुलांना सांगितलं, तुम्ही जास्त अंदाज करणाऱ्यांच्या गटात, तुम्ही कमी करणाऱ्यांच्या. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडले होते. मुलं आपल्या गटात कोण आहे हेही ओळखत नव्हती. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. काही वेळा तर आपल्याला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण 'त्यांच्या'पेक्षा जास्त मिळायला हवं, असा हिशेब केला.

ठिपक्यांवरून एवढं होतं, तर 'हुशार पोरं' आणि 'ती मागची पोरं' यावरून काय होत असेल? वर्गात एकदा गट पडला की बाकीचं काम गटच करतो. डब्याला कुणाशेजारी बसायचं, प्रोजेक्टला कुणाला घ्यायचं, वाढदिवसाला कुणाला बोलवायचं नाही, सगळं ठरून जातं. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्गातल्या मुलांनाच विचारलं होतं, तुला कोण आवडतं, कोण आवडत नाही. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी ५२ टक्के मुलं 'नको असलेल्यां'च्या यादीत निघाली. त्यांच्याच वर्गातल्या इतर मुलांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. एडीएचडीचा सगळ्यात खोल घाव गणितावर नाही, मैत्रीवर पडतो, असं म्हणावंसं वाटतं ते यामुळं.

आता दुसरा प्रयोग, आपल्या देशातला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यात सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. काही गटांत कुणाचीही जात सांगितली नाही. तिथं कथित उच्च आणि कथित खालच्या जातीच्या मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. दुसऱ्या गटांत कोडी सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. बस, एवढंच केलं. आणि कथित खालच्या जातीच्या मुलांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. २००६ मध्ये यावरचा निबंध छापून आला.

मुलं तीच. मेंदू तेच. कोडी तीच. बदललं ते फक्त हे, की 'तू कोण आहेस' हे सगळ्यांदेखत बोललं गेलं.

आता ही गोष्ट त्या मागच्या बाकावरच्या मुलाला लावून पाहा. त्याला आधीच लक्ष टिकवायला इतरांपेक्षा जास्त जोर लावावा लागतो. वर रोज सकाळी वर्गासमोर 'आला का रे आमचा बह्याड?' अशी हजेरी लागते. दोन ओझी झाली. पहिलं मेंदूनं दिलेलं. दुसरं आपण दिलेलं. पहिलं लगेच उतरवणं आपल्या हातात नाही. दुसरं मात्र शंभर टक्के आपल्या हातात आहे.

आपल्या गोंदियात चुकायच्या जागा

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. आठ तालुके. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. घरात पोवारी, गोंडी, छत्तीसगडी, हिंदी, झाडीबोली. शाळेत पुस्तकी मराठी. आता विचार करा, गोंडी बोलणारं सहा वर्षांचं पोरगं पहिलीत बसलंय. गुरुजी बोलतायत त्यातलं अर्धं त्याला कळत नाही. ते खिडकीबाहेर बघणार नाही तर काय करणार? त्याचं लक्ष ठीक आहे. भाषा अनोळखी आहे. त्याला लक्ष न लागणारा ठरवणं म्हणजे चुकीच्या दारावर पाटी लावणं.

अशा आणखी जागा आहेत. ज्याला कमी ऐकू येतं, तो सूचना पाळत नाही असं वाटतं. ज्याला फळ्यावरचं दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो आणि चुळबुळ्या ठरतो. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत. अंगात रक्त कमी, सांधे दुखतायत, तर लक्ष कुठून लागणार? रात्रीची झोप नीट नसलेलं, उपाशीपोटी आलेलं, घरातल्या भांडणानं हबकलेलं मूलही वर्गात हरवलेलंच दिसतं. म्हणून निदानाआधी हे सगळं तपासायचं असतं.

वयाचंही असंच. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ९ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथं शाळाप्रवेशाचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं, म्हणून डिसेंबरात जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात. या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याची शक्यता जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी जास्त निघाली. मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. एकाच वर्गातलं अकरा महिन्यांनी लहान पोर 'अजून लहान आहे' एवढंच कारण असताना 'विकार' म्हणून मोजलं गेलं. आपल्याकडं प्रवेशाच्या वेळी वयात थोडी इकडंतिकडं होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि उलट चूक मुलींच्या बाबतीत. ती धावत नाही, बाक वाजवत नाही. शांत बसून कुठंतरी हरवलेली असते. लक्ष न लागण्याचा धागा मुलींमध्ये जास्त दिसतो आणि तो कुणाला त्रास देत नाही. त्यामुळं तक्रार नाही, तक्रार नाही म्हणून तपासणी नाही. तिला म्हणतात स्वप्नाळू, आळशी, धांदरट. मग 'हिच्या डोक्यात काही शिरत नाही' म्हणून दहावीनंतर शिक्षणच थांबतं. तुमच्या वर्गातली अशी कुणी आज कॉलेजात दिसत नसेल, तर एकदा आठवून बघा.

आणि आता रील्सवाला एडीएचडी

इथपर्यंत नाव न मिळालेल्यांचं बोललो. आता दुसरं टोक. तुमच्या मोबाइलवर तीस सेकंदांचं रील येतं. 'चावी हरवते? एकच गाणं दिवसभर डोक्यात वाजतं? मग तुम्हाला एडीएचडी आहे.' खाली हजार लोक म्हणतात, अरे, हा तर मीच!

२०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी टिकटॉकवरचे एडीएचडीबद्दलचे सर्वाधिक लोकप्रिय १०० व्हिडिओ तपासले. त्यातले ५२ टक्के दिशाभूल करणारे निघाले. आपल्याकडं टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण रील्स काय वेगळी असणार?

हे लोक खोटं बोलतात, असं लगेच म्हणू नका. नाव मिळाल्यावर सुटल्यासारखं वाटतं, ते खरं असतं. इतकी वर्षं 'मी आळशी आहे' असं मानलेल्या मुलीला 'याला कारण आहे आणि उपायही आहे' हे कळलं तर तिच्या छातीवरचा दगड उतरतो. शिवाय आपल्यासारखे आणखी कुणी आहेत हे कळणं, हाही आधारच. ताजफेलच्या शाखेचे लोक हेच सांगतात. गट माणसाला तोडतोही आणि सावरतोही.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासात मन न लागणं हा विकार नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइल, सकाळी सातची गाडी पकडून कॉलेज, मध्ये पाच तास झोप, तर कुणाचंही लक्ष उडेल. चिंता आणि नैराश्य यांतही लक्ष लागत नाही आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. रीलनं दिलेलं नाव घेऊन बसलात, तर खरा त्रास तसाच राहील. आणि मित्राकडून 'अभ्यासाची गोळी' घेण्याचा विचारही करू नका. एडीएचडीवरचं मेथिलफेनिडेट हे औषध अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे. ते फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर, डॉक्टरच्या देखरेखीत.

दुसरी अडचण नावात रुतून बसण्याची. 'मला एडीएचडी आहे, म्हणून मला वेळ पाळण्यासाठी गजर आणि यादी लागते' हे एक वाक्य. 'मी एडीएचडीवालाच आहे, माझ्याकडून वेळ पाळणं होणार नाही' हे दुसरं. पहिल्यात नाव तुम्हाला पुढं ढकलतं. दुसऱ्यात तेच नाव गावानं ठेवलेल्या 'बह्याड'सारखं वागायला लागतं, फक्त इंग्रजीत.

नाव कधीकधी चावी असतं

मग नावच नको का? तसंही नाही. सरकारी मदतीचं दार नावानंच उघडतं. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्रानं १९९६ मध्येच केली. जास्तीचा वेळ वगैरे गोष्टी त्यातूनच आल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी मात्र स्वतंत्र नावानं नाही. यातल्या बऱ्याच मुलांना एडीएचडीच्या जोडीला अध्ययन अक्षमताही असते. ती तपासलीच गेली नाही, तर हक्काची सवलत हातची जाते. म्हणजे नाव टाळल्यानं लाज वाचली असेल, पण परीक्षेतला वेळ गेला.

तपासायचं कुठं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याची पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांना एकदा तपासतात. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या या तपासणीत ज्या ३० गोष्टी बघायच्या असतात, त्यात एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही आहेत. तुमच्या गावच्या शाळेत पथक येईल त्या दिवशी शिक्षकांना, आशाताईंना त्या मुलाचं नाव सांगा. गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं बालरोग आणि मानसोपचार विभागात विचारता येतं. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतूनही.

उपचारांत फक्त गोळ्या नसतात. लहान मुलांसाठी सुरुवात आईबाबांना शिकवण्यापासून होते. काम कसं सांगायचं, शाबासकी कधी द्यायची, ओरडायचं कुठं टाळायचं. औषध लागलं तर डॉक्टर ठरवतात, आणि अनेक मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो.

तुम्ही काय करू शकता?

ट्यूशन घेत असाल तर त्या मुलाला पुढं, खिडकीपासून लांब बसवा. शिक्षा म्हणून नाही, सोय म्हणून. एका वेळी एकच सूचना द्या. 'वही काढ, तारीख घाल, मग तिसरा प्रश्न सोडव' हे त्याच्यासाठी तीन वेगळे निरोप आहेत. वीस गणितांऐवजी पाच-पाचचे चार हप्ते करा आणि मध्ये त्याला पाणी आणायला पाठवा. जमलं की लगेच सांगा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

घरी धाकटा भाऊ असेल तर पाहुण्यांसमोर त्याची ओळख 'आमचा मस्तीखोर' अशी करून देणं बंद करा. हरदोईची ती मुलं आठवा. सगळ्यांदेखत बोललेलं नाव वेगळंच लागतं.

उद्या शिक्षक होणार असाल तर एक कायदा आत्ताच लक्षात ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. छडी कपाटात ठेवून जिभेनं मारणं त्या कलमात बसतं की नाही, याचा विचार तुम्हीच करा.

आणि ज्याला असं नाव ठेवलं गेलं होतं, तो किंवा ती तुम्हीच असाल, तर एवढंच. त्या वर्गात ठिपके मोजून गट पाडले होते. मोजणारे लहान होते, मोजणी चुकीची होती. आजही काम अर्धवट राहतं, फॉर्मची तारीख हुकते, बोलताना मध्येच तुटतं असं होत असेल, तर रीलला विचारू नका, माणसाला विचारा. १४४१६ वर फोन लावायला पाच मिनिटं लागतात. उद्या करू म्हणाल तर विसराल, म्हणून आत्ताच गजर लावा.